ठकीचे पथ्य

दिवाळी अंकाच्या लेखाची आठवण करून द्यायला संपादकांचा फोन आला, त्या वेळी मी मागल्या पडवीत बसून उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे करीत होते. "काय चाललंय?" असे त्यांनी सहज विचारले आणि मीही खरे ते सांगून टाकले. क्षणभर पलीकडून काहीच आवाज येईना. आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूणदेखील वर्ज्य असतो, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मग यंदा हेच लिहा की!"

एरवी या सदरात मी शब्दांच्या मागे लागते. हा शब्द कुठून आला, त्या म्हणीचा खरा अर्थ काय, असल्या गोष्टींत मराठीच्या प्राध्यापिकेचा वेळ बरा जातो. यंदा मात्र एका मांजरीच्या पोटाची हकिकत सांगणार आहे. तिच्यातही म्हणी आहेतच. पण त्या आमच्या बाजूने नाहीत.

ठकी आमच्याकडे आली ती सहा वर्षांपूर्वी, ऐन आषाढात. साताऱ्यातल्या यादोगोपाळ पेठेतला आमचा वाडा आता निम्माच उरला आहे. उरलेल्या निम्म्याच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली आहे. त्या वेळी वाडा पुरता होता. जिन्याखालच्या अडगळीत चिंब भिजलेले, मुठीएवढे करडे पिल्लू सासूबाईंना सापडले. "लाकडी ठकीसारखे डोळे आहेत गं हिचे," त्या म्हणाल्या, आणि तेच नाव पडले.

तिच्या जेवणाची व्यवस्थाही सासूबाईंनीच लावून दिली. सकाळी वाटीभर दूध. तेही म्हशीचे, सायीसकट. दुपारी दूधपोळी किंवा दहीभात, वर तुपाचा थेंब. चहाच्या वेळी एखादे बिस्कीट आणि रात्री पुन्हा दूध. मी कॉलेजात, हे बँकेत, मुलगा शिक्षणासाठी पुण्याला. दिवसभर घरात काय त्या दोघीच. ठकी अंगाने भरलेली, तुकतुकीत होती. तिच्या खाण्यात काही चुकत असेल असे मनात यायचे कारणच नव्हते.

बिघडले ते यंदा श्रावणाच्या तोंडाशी. आधी एक-दोन दिवसांआड पातळ व्हायचे, मग रोज, मग दिवसातून तीन-चारदा. परसातल्या मातीशिवाय कधी कुठे न बसणारी ठकी एका दुपारी माझ्या टेबलावर चढली आणि अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिकांवर बसली. (त्या उत्तरपत्रिकांवर मी लाल शाईने याहून बरे काही लिहिणार होते असे नाही, पण विद्यार्थ्यांना सांगायचे काय?) त्या दिवशी ती माझ्याकडे पाहून ओरडलीसुद्धा नाही. नुसती खाली उतरली आणि कोपऱ्यात जाऊन पाय पोटाशी घेऊन बसली.

घरात एखाद्याचे पोट बिघडले की सगळेच वैद्य होतात. सासूबाईंनी जायफळ उगाळायला घेतले. ह्यांनी औषधांच्या डब्यातून माणसाच्या जुलाबाची गोळी काढून ती अर्धी करावी की पाव, याचा हिशेब मांडला. अंग गरम लागते म्हणून तापाची गोळी द्यावी असाही एक ठराव पुढे आला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "काही देऊ नका. दोन दिवस लंघन घाला. माणसाचंसुद्धा लंघनानंच बरं होतं."

मी ठकीला भाजीच्या जाळीदार टोपलीत घातले, वरून दुसरी टोपली बांधली आणि जनावरांच्या दवाखान्याची वाट धरली. सोबत डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे एका डबीत नमुनाही नेला. डबी कसली ते लिहीत नाही. ती सासूबाईंची होती, आणि त्या अजून ती शोधताहेत.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या. बाहेर एक शेळी आणि दोन वासरे ताटकळत होती. ठकीचे वजन केले ते भरले २ किलो ९०० ग्रॅम. गेल्या वर्षी रेबीजची लस टोचली तेव्हा तेच ३ किलो ६०० होते. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती पटकन जागेवर बसायच्या ऐवजी हळूहळू खाली गेली. "अंगातलं पाणी कमी झालंय," त्या म्हणाल्या आणि कातडीखाली सलाईन दिले. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंत किंवा दुसरे काही दिसले नाही. मग वही ओढून त्यांनी विचारले, "ही दिवसभर काय खाते?"

मी सांगत गेले. दूध, साय, दूधपोळी, दहीभात, तूप, बिस्कीट. त्यांची लेखणी मध्येच थांबली.

"मॅडम, हे तर माझ्या आजोबांचं जेवण झालं!"

त्यानंतर त्यांनी जे सांगितले आणि घरी आल्यावर मी जे वाचून काढले, त्याने माझी चांगलीच फजिती केली. मांजराच्या पिल्लाला दूध पचते; ती दुधातली साखर फोडणारे पाचकद्रव्य त्याच्या आतड्यात असते. आईचे दूध सुटले की ते कमी होत जाते. पुढे बहुतेक मांजरांत ते इतके थोडे उरते की दुधातली साखर तशीच खाली मोठ्या आतड्यात उतरते, तिथे पाणी ओढून घेते, आंबते आणि जुलाब होतात. त्यातून म्हशीचे दूध म्हणजे शेकडा सहा-सात भाग नुसती स्निग्धता. आणि मराठी भाषा काय सांगते? मांजर डोळे मिटून दूध पिते. शिंक्याचे तुटले नि बोक्याचे साधले. त्या शिंक्यात दूध-लोणीच असणार हे आम्ही गृहीत धरतो. वीस वर्षे मी वर्गात या म्हणी शिकवीत आले. दूध पिऊन झाल्यावर मांजराचे काय होते, हे एकाही म्हणीत नाही.

मग आमच्या आज्या-पणज्यांची मांजरे जगली कशी? या प्रश्नाचे उत्तर मला आमच्याच वाड्याने दिले. जुन्या वाड्यात धान्याची कोठी होती, बळद होते, माळ्यावर उंदरांची वस्ती होती. मांजर आपले जेवण आपण मिळवी. घरातले दूध म्हणजे वरची बोटभर चटणी. ठकीही पहिली चार-पाच वर्षे तशीच जगली असणार. पुढे निम्मा वाडा पडला. आम्ही धान्य वर्षाचे भरणे सोडून महिन्याचे आणू लागलो. उंदीर गेले, आणि ठकीच्या पानात ती चटणी तेवढी राहिली.

डॉक्टरांनी तीन गोष्टी निक्षून सांगितल्या. माणसाचे कोणतेही औषध द्यायचे नाही. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची सोय त्याच्या यकृतात नसते. उपाशी ठेवायचे नाही. मांजराने काही दिवस अन्न सोडले की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि एक दुखणे जाऊन दुसरे, त्याहून वाईट, मागे लागते. म्हणजे लंघन बाद! आणि तिसरे म्हणजे दूध, पोळी, तूप सगळे आजपासून बंद. त्याऐवजी उकडलेली कोंबडी. कातडी, हाडे, मीठ, तेल, हळद, मसाला काही नाही. कांदा-लसूण तर नाहीच, कारण त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

मी विचारले, "श्रावण संपेपर्यंत थांबता येईल का?"

डॉक्टरांनी टोपलीतून आत पाहिले. "तुम्ही थांबाल हो," त्या म्हणाल्या. "ती थांबेल असं वाटत नाही."

घरी येऊन सासूबाईंना सांगितले. त्या माळ ओढीत होत्या. माळ थांबली नाही. पण एक मणी बराच वेळ बोटांत राहिला. मग म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात नको." एवढेच. 'नको' म्हणाल्या नाहीत, 'स्वयंपाकघरात नको' म्हणाल्या. व्याकरण शिकविणाऱ्या माणसाला तेवढी फट पुरते. मागल्या पडवीत विजेची शेगडी, एक जुने पातेले, एक सुरी आणि एक चमचा एवढा माझा वेगळा संसार मांडला गेला. मुलाच्या खोलीतला छोटा फ्रिज तिथे आला.

आता कोंबडी आणायची कुणी? हे म्हणाले, "मला बँकेत तोंड दाखवायचंय." जसे काही मला कॉलेजात दाखवायचे नव्हते! ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून मी लांबचे चिकन सेंटर शोधून काढले. पदर डोक्यावर घेतला. श्रावण असल्यामुळे दुकानात शुकशुकाट. काउंटरमागच्या मुलाने मान वर केली आणि तो ताडकन उभा राहिला.

"मॅडम! तुम्ही?"

तृतीय वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा हा मुलगा. तीन वर्षांत त्याने वर्गात माझ्या एकाही प्रश्नाचे उत्तर दिलेले नव्हते. त्या दिवशी त्याने पाच मिनिटांत मला पुष्कळ शिकविले. "मांजरासाठी का, मॅडम? मग छातीचं बोनलेस घ्या, त्यात चरबी कमी. कातडी मी काढून देतो. एकदम किलोभर नेऊ नका, पाव-पाव किलोच न्या, ताजं बरं." शिवाय तुकडे कसे उकडायचे आणि आतून गुलाबी राहिले नाहीत ना ते कसे पाहायचे, हेही. मी मान खाली घालून ऐकून घेतले. त्या दिवसापासून वर्गात तो मान वर करून बसतो.

तीन किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम उकडलेली कोंबडी पुरते. पण एकदम नाही; पहिल्या दिवशी निम्मीच, आणि तीही पाच वेळांत, दोन-दोन चमचे. उकडलेले पाणी फेकायचे नाही, त्यातच कालवायचे. म्हणजे पोटात पाणीही जाते. फ्रिजमधले थंड तसेच द्यायचे नाही, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचे. पहिला घास ठकीने कसा खाल्ला ते मी विसरणार नाही. हुंगले, मागे सरली, पुन्हा आली आणि नंतर बशी सरकत सरकत पडवीच्या टोकाला गेली तरी तिने तोंड वर काढले नाही. सहा वर्षे ती आमच्याकडे जेवत होती. अशी जेवताना मी तिला पाहिले नव्हते.

चौथ्या दिवशी फरक पडला. पाचव्या दिवशी ती परसात गेली आणि माती उकरून, रीतसर झाकून परत आली. मी ह्यांना बँकेत फोन करून ती बातमी कळविली. सहाव्या दिवशी श्रावणी सोमवार होता. सातव्या दिवशी सकाळी जिन्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मला काही सुचेना. शिळे दिले का? जास्त दिले का? परसात जाऊन पाहते तो तुळशीवृंदावनामागे एक वाटी. तिच्या काठावर पांढरी कड वाळलेली, आणि शेजारी पेढ्याचा चुरा.

तुम्हाला ठाऊक असेल, साताऱ्याचा कंदी पेढा म्हणजे आमच्याकडचा रोजचा नैवेद्य. मी वाटी घेऊन तशीच आत गेले. आणि जे बोलू नये ते बोलले. "आई, तुमच्या या मायेनंच मरेल ती." त्यावर, "तिला गोड आवडतं गं," असे त्या हळूच म्हणाल्या. तेवढ्याने थांबावे की नाही? मी प्राध्यापकीणच! मांजराला गोडाची चवच कळत नाही, हे मी त्यांना ऐकविले. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की गोडी ओळखणारा मांजरांतला एक जनुक पार निकामी झालेला असतो. ठकी पेढा चाटते ती त्यातल्या स्निग्धतेसाठी. हे सगळे मी सालासकट सांगितले.

सासूबाईंनी ते पुरते ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "चैत्रात माझ्या रक्तात साखर निघाली. तुम्ही माझा पेढा बंद केलात, रात्रीचं साखरेचं दूध बंद केलंत. डॉक्टर म्हणाले म्हणून केलंत, बरंच केलंत. मी काही बोलले? पण देवापुढचा पेढा रोज उरतो गं. तो मी कुणाला देऊ?"

चैत्रात. डॉक्टरांनी मला विचारले होते, "अलीकडे खाण्यात काही बदल?" आणि मी ठामपणे "नाही" म्हटले होते. आईंच्या पानातून मी जे जे काढले ते ते वाटीतून ठकीच्या पुढ्यात जात होते. एका घरात राहून मला पाच महिने ते दिसले नव्हते. मी वाटी घासायला टाकली आणि कॉलेजात निघून गेले. त्या दिवशी काय शिकविले कोण जाणे.

दोन दिवस घरात कामापुरते बोलणे झाले. तिसऱ्या दिवशी मी दुधाचा हिशेब लिहायला कालनिर्णयापाशी गेले. आमच्याकडे तारखेच्या चौकोनात दूध किती लिटर आले ते लिहिण्याचा प्रघात आहे. तिथे त्या आकड्याखाली सासूबाईंच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले होते: "ठ. – पातळ, २ वेळा." दुसऱ्या चौकोनात: "ठ. – १ वेळ. बरे." तिसऱ्यात: "ठ. – घट्ट." मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीला टोक करून तिथे दोऱ्याने बांधून ठेवली.

दहा दिवसांनी डॉक्टरांना पुन्हा दाखविले. वजन दोनशे ग्रॅमने वाढले होते. कोंबडी मानवली, तर तीच चालू ठेवू, असे मी म्हणाले. तर त्यांनी तेही मोडून काढले. नुसती उकडलेली कोंबडी हे पथ्य झाले, रोजचे जेवण नव्हे. तिच्यात कॅल्शियम पुरेसे नसते आणि इतरही पुष्कळ काही कमी पडते. टॉरीन नावाचा एक घटक मांजराला अन्नातूनच भरपूर मिळावा लागतो. तो कमी पडला तर मांजराची दृष्टी जाते हे १९७५ साली, आणि हृदय दुबळे होते हे १९८७ साली सिद्ध झाले. तेव्हा मांजरांसाठीचे तयार, पूर्ण अन्न सुरू करायचे. पण तेही हळूहळू. दोन-तीन दिवस चतुर्थांश नवे आणि बाकी कोंबडी, मग निम्मे-निम्मे, मग तीन भाग नवे. मध्येच पातळ झाले की एक पायरी मागे. पहिल्या पुडक्याचा वास घेऊन सासूबाईंनी पदर नाकाला लावला. कालनिर्णयावर मात्र "नवे – पाव" अशी नोंद झाली.

निम्म्या-निम्म्यावर होतो त्या सुमारास कॉलेजात मला अचानक पर्यवेक्षणाला थांबावे लागले. फोन आत न्यायची परवानगी नव्हती. ठकीची चारची वेळ चुकणार, या विचाराने मी तीन तास वर्गात येरझारा घातल्या. घरी यायला साडेसहा झाले. सासूबाई माजघरात बसल्या होत्या, केस ओले, अंगावर धुतलेले लुगडे. अवेळी डोक्यावरून स्नान केलेले दिसत होते. पडवीत ठकीची बशी घासून पालथी घातलेली. कालनिर्णयावर लिहिले होते: "४ वा. – मी दिले. सगळे खाल्ले."

मी जवळ जाऊन बसले. त्या मला म्हणाल्या, "ते पातेल्यातलं पाणी फेकायचं नसतं ना? मी त्यातच कालवलं."

"बरोबर केलंत, आई."

"गरम पाण्यात वाटीही ठेवली होती."

आता दिवाळी तोंडावर आली आहे. ठकी ३ किलो ४०० झाली आहे. पडवीतली शेगडी अजून तिथेच आहे. आठवड्यातून एकदा थोडी कोंबडी ठकीला मिळते, आणि आमचा विद्यार्थी ती वेगळी काढून ठेवतो. दूध अर्धा लिटर कमी केले, तेव्हा दूधवाल्याने काळजीने विचारले, "काय पाव्हणे गेले का?" देवापुढचा पेढा हल्ली त्यालाच मिळतो.

काल सासूबाईंनी मला हाक मारली. फराळाला माणसे येतील, पोरे येतील, कुणी शेव टाकील, कुणी चकलीचा तुकडा. दाराला एक पाटी लावायची, म्हणाल्या. तू मराठीची, तू लिही. मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिले: 'मांजरीस कृपया काही खावयास देऊ नये.' त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि कालनिर्णयापाशी टांगलेली पेन्सिल घेऊन 'कृपया' तेवढे खोडले.